अंगणातला चौक्याचा घाट

अण्णा, माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले, तर हीच बातमी आधी हाताशी आली. घाबरण्यासारखं आता काही नाही. डॉक्टरांनी वाटी तारेनं आवळून बांधली, हाड जुळलं, पाय वाकतो; फक्त जिना उतरताना अजून भिंतीला हात लावावा लागतो. पडले कुठं ते ऐकलंत तर हसाल. बिडकीनकडं कारखान्यांसाठी आता इतके रुंद रस्ते झालेत, की तुम्ही पाहिले असते तर एवढ्या जागेत ज्वारी किती झाली असती, याचाच विचार करत उभे राहिला असता. रविवारी सकाळी आमचा सायकलवाल्यांचा घोळका तिकडं जातो. त्या दिवशी समोर ना गाडी, ना माणूस, ना कुत्रं, आणि मी डंपरमधून सांडलेल्या मूठभर खडीवरून घसरले. निदान पडायला कारण तरी बरं मिळायला हवं होतं. दवाखान्याच्या कागदावर शहराचं नवं नाव छापलेलं होतं. नाव बदललं, हेही तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, या वर्षी सायकल विसरा. दुखण्यानं मी रडले नव्हते, पण हे ऐकून रडले. तुमच्या जावयांना वाटलं, शौक सुटणार म्हणून रडतेय. ते समजूत घालत राहिले की पन्नाशी आली, आता पोहायला जा, योगासनं कर. मला मात्र डोळ्यांसमोर भाऊबीज दिसत होती. पिशोरला आत्या वाट बघत बसणार, आणि मी तिच्या दारात सायकलवरून उतरणार नाही.

तुम्ही दर भाऊबीजेला पिशोरला सायकलवर जायचात. एकुलत्या एका बहिणीकडं, पहाटे निघून. यष्टी होती, सोबत मिळाली असती, पण तुमचं आपलं एकच, की बहिणीकडं जाताना कुणाच्या वेळेवर जायचं नाय. तुमच्या मागे कॅरियरवर मी एकदाच बसून आले होते, त्याही वेळी चौक्याच्या घाटात तुम्ही मला उतरवून चालवलं होतं. आत्याच्या दारातला रिवाज मी तेव्हाच पाहिला. तुम्ही टेकताच ती पाणी द्यायची नाही. आधी मागून येऊन सदऱ्याच्या आत हात घालायची, पाठीवरून फिरवायची, घाम किती आलाय ते बघायची, आणि पदरानं पुसून म्हणायची, बस गुमान, घामात पाणी पिऊ नये. तुमचा घसा कोरडा पडलेला, तांब्या समोर भरलेला, आणि तुम्ही एवढे बाप्ये शाळेतल्या पोरासारखे घाम वाळायची वाट बघत बसलेले. मला लई हसू आलं होतं.

तुम्ही गेलात त्या साली सण नव्हताच. पुढच्या दिवाळीत आईनं सहज विचारलं, आता तुझ्या आत्याला कोण गं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, भाऊबीजेच्या पहाटे तुमची काळी सायकल काढली. कॉलेजात शिकवणारी, लग्न झालेली बाई, अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी चेनकव्हरात जाऊ नये म्हणून कमरेला गाठ मारलेली. पोचेपर्यंत पायांचं नुसतं लाकूड झालं होतं. आत्यानं दारात पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, पदरानं घाम पुसला, पाणी बाजूला ठेवलं. मग पाट मांडला. शेजारणी जमल्याच होत्या. एकीनं विचारलं, भाचीला का कुणी ओवाळतं भाऊबीजेला? आत्यानं निरांजन पेटवता पेटवता मान वर न करता उत्तर दिलं.

"सायकलीवरून आलाय, तो माझा भाऊ हाय."

तेव्हापासून दर भाऊबीजेला मी तिचा भाऊ असते. त्या एका दिवशी ती मला आलास का रं म्हणते. भावाला देतात तसा कमरेला बांधायचा काळा करदोडा मलाही देते. बाईमाणसानं करदोड्याचं काय करावं, म्हणून मी तो सीटच्या दांड्याला बांधते. मधल्या काळात तुमची सायकल थकली, मी हलकी घेतली, मग आणखी हलकी. दोनदा पावसानं रस्ता वाहून गेला तेव्हा लांबून वळसा घालून गेले. एकदा अंगात ताप होता. पण सायकल चुकली नाही, अण्णा. आणि आता आत्याला दिसत नाही फारसं, कानही गेलेत, पुढच्या दिवाळीची खात्री तिची तीच देत नाही. या वर्षी गाडीतून उतरले तर मी तिची कोण? हा प्रश्न बाहेर कुणाला विचारला असता तर लोकांनी मलाच समजावलं असतं. तुम्हाला विचारता येतो.

पाय सरळ बांधून पलंगावर पडले होते तेव्हा सारखं दुष्काळाचं ते साल आठवायचं. बेगमपुऱ्यातलं आपलं भाड्याचं घर. नळ कोरडा, विहिरीच्या तळाला नुसता गाळ, गल्लीच्या तोंडाशी टँकर येतो आणि बायका कळशा टाकून धावतात. साऱ्या शहरात चिखल म्हणून काय तो टँकरच्या मागे असायचा, आणि तुम्ही हंड्यासकट नेमके तिथंच घसरलात. घोटा मोडला. दुष्काळात चिखलात पडून पाय मोडणारा माणूस गल्लीनं आयुष्यभर लक्षात ठेवला. कचेरीतले लोक भेटायला यायचे ते आधी हसून घ्यायचे, मग तब्येत विचारायचे.

आणि मग एका सकाळी तुम्ही अंगणात सायकल स्टँडवर चढवलीत. मागचं चाक जमिनीवरून सुटलेलं. प्लास्टरचा पाय तेलाच्या उपड्या डब्यावर टेकवला, चांगला पाय आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पायडलला बांधला आणि एका पायानं सायकल चालवायला लागलात. चिंधी यासाठी, की पाय खाली रेटायचा तसा वरही ओढता यावा. आई भाकरी टाकून बाहेर आली. तिला वाटलं, पडताना डोक्यालाही लागलं की काय. तुम्ही म्हणालात, दिवाळीला पिशोरला जायचंय, पायाला विसरू द्यायचं नाय. मग आईनं विचारलं, आज कुठवर जाणार? तुम्ही म्हणालात, आज हर्सूल. तेव्हा शहर हर्सूलच्या तळ्याशी संपायचं. तळंही त्या साली आटलं होतं, पण तुमच्या प्रवासात ते भरलेलं असायचं, हे मी तुम्हाला खोदून विचारून घेतलं होतं.

मग रोजचंच झालं. आई विचारणार, कुठवर पोचलात? तुम्ही सांगणार, सावंगीच्या अलीकडं. कधी अंगात कणकण असायची, कधी पाहुणे यायचे, कधी टँकरच्या पायी सगळी सकाळ जायची, तेव्हा म्हणायचात, आज मुक्काम. दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, कालचं भरून काढायला आज दुप्पट जायचं का? तुम्ही नाही म्हणायचात. मुक्काम केला तर केला, त्याची भरपाई कसली, जिथं थांबलो तिथूनच निघायचं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता. तुम्ही त्याला चांगल्या पायाशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलात, आणि मग चिंधी त्या पायाला बांधलीत.

चौक्याचा घाट आला तेव्हा तुम्ही मला कामाला लावलंत. मागचा ब्रेक थोडा थोडा दाबून धरायचा, म्हणजे चढ लागेल. मी शाळेत जायच्या आधी रोज घाट व्हायचे. रबर घासल्याचा तो जळका वास मला आजही आला तर घर आठवतं. एकदा मला मस्ती सुचली आणि मी ब्रेक गच्च आवळला. तुमचा दुखरा पाय जागीच अडकला, कळ डोळ्यांपर्यंत गेलेली मला दिसली. तुम्ही ओरडला नाहीत. श्वास घेतलात आणि म्हणालात, "बाई, घाट हाय, भिंत नाय." एवढंच. रबरं पार झिजली तेव्हा नवी घ्यायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडं मलाच पाठवलंत. चाचांनी जुनी रबरं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "घर में बैठके इत्ता ब्रेक घिसा? कहाँ जारे साहब?" मी अभिमानानं सांगितलं, पिशोर.

त्या भाऊबीजेच्या पहाटे तुम्ही निघालात. घोट्याला पट्टी घट्ट बांधलेली, कॅरियरवर पिशवी. गल्ली उठून दारात आली होती. आई गल्लीच्या टोकापर्यंत मागे चालत आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलात. आईनं विचारलं, कुठवर पोचलात? तुम्ही म्हणालात, पिशोर. बस्स. आपल्या घरात मग ती गोष्ट कायमची झाली. कुणी नापास झालं, कुणाचं आजारपण लांबलं, की आई म्हणायची, यांचा घोटा मोडला होता त्या साली. मी ती गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली, सायकलच्या घोळक्यात सांगितली. आणि या वर्षी पलंगावर पडल्या पडल्या स्वतःला इतक्या वेळा सांगितली, की ती तोंडपाठच झाली.

पाय वाकायला लागला तसा मी गॅलरीत ट्रेनर लावला, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा सांगाडा. तुमच्या स्टँडचाच हा नातू म्हणायचा, फक्त याला चढ लावायला मुलगी लागत नाही, एक कळ फिरवली की झालं. आधी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी नुसतं मागेपुढे हलवू दिलं, पूर्ण फेरा नाही. पहिला पूर्ण फेरा बसला तेव्हा मी एकटीच हसत होते. आई माझ्याकडंच राहते आता. ती दारात खुर्ची टाकून बसते, भाजी निवडते, आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, कुठवर आलीस? मी म्हणाले, हर्सूल. हर्सूल आता शहराच्या पोटात गेलंय, सावंगीपर्यंत इमारती आहेत, नळाला मात्र पाणी अजून आठवड्यानं येतं आणि टँकरची वाट आपण तेव्हासारखीच बघतो. गॅलरीतून मला तेच दिसतं, समोरच्या इमारतीच्या पोटात नळी घालून उभा असलेला टँकर.

मधे डेंगू झाला. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, परीक्षांचे पेपर आले. तुम्ही किती सहज मुक्काम म्हणायचात, ते मला जमत नाही, अण्णा. माझ्या घोळक्यातली माणसं फोनवर एकमेकांचे वेग बघतात. चार दिवस पायडल फिरलं नाही तर मला वाटतं, होतं नव्हतं ते सगळं गेलं. दसऱ्यानंतर बाहेर सायकल चालवायची परवानगी मिळाली, तीही सपाटीवर, अर्धा तास. मी पहिले काही दिवस शहाण्यासारखी वागले. मग एका सकाळी हर्सूलच्या पुढं मोकळा रस्ता दिसला, पायात जोर आल्यासारखं वाटलं, आणि बुडालेले सगळे दिवस मी त्या एका सकाळी वसूल करायला निघाले. चौक्याच्या घाटाच्या निम्म्यात गुडघा बोलला. घरी येईपर्यंत फुगून टम्म झाला होता. घाट हाय, भिंत नाय, हे मला कुणी आठवण करून द्यायला हवं होतं, आणि ते म्हणणारा माणूस नव्हता.

भाऊबीज तोंडावर आलेली. सूज उतरली पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, एवढं अंतर नाही म्हणजे नाही. तेव्हा तुमच्या जावयांनी तोडगा काढला. सायकल गाडीच्या मागे टाकू, मी सोडतो तुला फुलंब्रीच्या पुढं, पिशोरच्या अलीकडं ओढ्याचा पूल आहे ना, तिथं. तिथून गाव दिसतं, तेवढं जा चालवत. आत्यांना कुठं काय दिसतंय. ते चांगल्या मनानंच म्हणाले, पण मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. म्हणजे आंधळ्या म्हातारीला फसवायचं. तुम्ही मोडका घोटा घेऊन घाट चढलात आणि मी गाडीतून जाऊन सायकलवर बसायचं सोंग करायचं. शेवटी आईच म्हणाली, न जाण्यापेक्षा जा. मी गेले.

पुलावर सायकल उतरवली. सकाळ गार होती, ओढ्याला थोडं पाणी होतं, कपाशी फुटलेली. हळूहळू पायडल मारत गावात शिरले आणि मला इतकी लाज वाटत होती, की ओळखीच्या माणसानं हात केला तरी मी पाहिलं नाही. आत्या ओसरीवर होती. चेनचा आवाज तिला ऐकू आला की सवयीनं कळलं, देव जाणे. आलास का रं, म्हणाली. मी तिच्या पायाशी पायरीवर बसले. तिचा हात माझ्या जर्सीच्या आत शिरला, पाठीवरून फिरला, मानेपासून खाली, पुन्हा वर. एरवी हात फिरला की पदर यायचा. या वेळी पदर आला नाही. तिनं चाचपडत तांब्या उचलला आणि माझ्या हातात दिला.

"पी पाणी," ती म्हणाली. "कोरडाच हायेस."

मी तांब्या धरून बसले. म्हणाले, आत्या, गुडघा मोडलाय, गाडीनं आले पुलापर्यंत. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ती आपल्याच नादात, हसत हसत बोलायला लागली.

"दुष्काळात तुझा बाप बी असाच आला व्हता. सायकलीवर येणारं मानूस फुफाट्यानं पांढरं हून यायचं, आन् ह्याचे केस काळेभोर. हँडलला सुतळी तशीच, यष्टीच्या टपावर सायकल बांधली व्हती ती. लंगडत, पडलेलं त्वांड घिऊन आला. मी हात लावला, पाठ कोरडी. म्हनलं, पी बाबा पानी. पिता पिता रडला."

मग तिनं माझा गुडघा शोधून त्यावर हात ठेवला. पुढल्या साली आला तेव्हा पाठ निथळत होती, म्हणाली, लई वेळ बसवून ठेवला होता पाण्यावाचून.

मी ते पाणी प्यायले, अण्णा. रडलेही, हे सांगायला हवं का. तुमच्यावर रागावण्याचा प्रयत्न करून पाहिला, दोन मिनिटंही टिकला नाही. इतकी वर्षं मी ज्याच्याशी बरोबरी करत होते, तो घाट चढणारा माणूस, आणि इथं हा दुसराच बसलेला, सुतळी सोडायला विसरलेला. मला हा जास्त आवडला. आत्या ओवाळताना निरांजन माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूनंच फिरवत होती, मीच चेहरा त्याच्यासमोर नेला. करदोडा दिला. तो मी तिथंच सीटच्या दांड्याला बांधला, मागच्या सालच्या शेजारी.

येताना सायकल गाडीतच होती आणि मी झोपले होते. चौक्याचा घाट कधी उतरलो कळलंही नाही. घरी आले तर आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, तेव्हा ते सीटखालच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाजवळ ठेवीन. त्यात एवढंच लिहायचं राहिलंय. आईनं विचारलं, कुठवर पोचलीस? मी म्हणाले, पिशोर. कुठून, ते तिनं विचारलं नाही. तुम्हालाही विचारलं नव्हतं.